सांगाड्यांची पंगत

मित्रांनो, मी एक जुने छापील चित्र आहे. मेक्सिकोतल्या एका लहानशा छापखान्यात, स्वस्त गुलाबी कागदावर माझा जन्म झाला. तिथे हाडांचे सांगाडे काढून जिवंत माणसांची थट्टा करण्याची रीत आहे. माझ्यावर सांगाड्यांचे एक कुटुंब जेवते आहे. मिशाळ बाप, दागिन्यांनी मढलेली सासू, हपापलेली मुले. सून मात्र भांडे घेऊन उभी आहे, कारण तिच्या खुर्चीवर कुत्रा बसला आहे. मला छापणारा म्हातारा म्हणे, "आधी हसू यावे, मग लाज वाटावी. नुसतेच हसू आले, तर शाई फुकट गेली."

दोन हजार चार साली एका सहकाऱ्याची भेट म्हणून मी एडिनबराला डॉक्टर शशिकांत यांच्या घरी आले. त्यांनी मला काचेच्या चौकटीत बसवून जेवणाच्या खोलीत टांगले. पाहुणे हसत, कौतुक करीत, आणि मी फुशारून जाई.

त्या दिवाळीत त्यांचे मित्र श्रीकांत मला पाहून ओरडले, "शशी, सेम टू सेम आपली घरं रे!" सगळे खदखदून हसले. शशिकांतांच्या पत्नी सुलक्षणा याही डॉक्टर. हॉस्पिटलमधून येऊन त्या थेट पुऱ्या तळायला उभ्या राहिल्या होत्या.

"अगं, गरम आण ना!" शशिकांतांनी हाक दिली.

तेवढ्यात त्यांची तिथेच वाढलेली लेक वरदा म्हणाली, "बाबा, आईचा चेअर कुठे आहे?"

त्या खुर्चीवर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग होता.

हसू विरले. कोट मात्र कोणी उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शशिकांतांनी मलाच उतरवले आणि जिन्याखालच्या कपाटात, भिंतीकडे तोंड करून ठेवले. तिथल्या ओलीने माझ्यावर डाग पडले. पण त्याहून लाजेने मला अधिक पोखरले. घरात जी उभी राहते तिची बाजू मांडायला मी जन्मले, आणि तिच्याच पाठीमागे मी लोकांना नुसते हसवत राहिले होते.

काही दिवाळ्या अशाच गेल्या. एकदा व्हॅक्यूम क्लीनर शोधताना सुलक्षणांना मी सापडले. त्यांनी ओढणीने काच पुसली आणि मला जुन्या खिळ्यावर टांगले.

"अगं, ते कशाला आता? लोक येतायत," शशिकांत पुटपुटले.

"म्हणूनच. तेव्हा तुम्ही चित्र हलवलंत. कोट तिथेच राहिले."

शशिकांतांचे कान लाल झाले. संध्याकाळी आलेले कोट त्यांनी निमूटपणे वर नेऊन ठेवले. मग म्हणाले, "तू बस. पुऱ्या मी तळतो."

"शशी, ह्या पुऱ्या की पापड?" श्रीकांतांनी टोमणा मारला. सुलक्षणांनी मात्र गरम गरम पुरी मोडली. वाढताना शशिकांतांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

मित्रांनो, जुन्या कागदाला ओल सोसत नाही, आम्हाला जपा. पण आम्ही लाजवले म्हणून आमचे तोंड भिंतीकडे करू नका. खुशाल हसा, आणि हसून झाले, की आपल्या घरात कोण उभे आहे, तेवढे पाहा.