रिकाम्या बाकांचं मत

त्या चर्चमध्ये मत माणसाला नव्हतं, बाकाला होतं. एक बाक, एक हात. ज्या बाकावर कुणीच नाही, त्याचा हात अध्यक्षांचा. नियम झाला तेव्हा बाक गच्च भरत, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. पुढे घरं ओस पडली, पोरं दूरच्या शहरांत गेली, आणि लाकडाच्या वखारीचे मालक असलेले अध्यक्ष एकटेच निम्म्या मंडळीएवढे झाले. मोकळ्या बाकावर सरकून बसावं असं कुणाच्या मनातही येत नसे. छप्पर गळून पोस्टमास्तरांच्या टकलावर धार लागली, तेव्हा त्यांनी छत्री उघडली. घराण्याचा बाक सोडला नाही.

अध्यक्षांची थोरली भावजय कपडे शिवायची. सगळे तिला वहिनीच म्हणत. नवरा गेल्यापासून ती दिरांशेजारी बसत आली होती, आणि त्या बाकाचा हात अर्थातच दिरांचा.

चर्चमागच्या हॉलमध्ये हिवाळा सुरू झाल्यापासून सीमेपलीकडची माणसं राहत होती. लढाईत घर जळालेला एक पाववाला, त्याची बायको, म्हातारी आई आणि त्यांच्याच गल्लीतली आणखी काही. मंडळींनी पहिल्या आठवड्यात गाद्या दिल्या, दुसऱ्यात सल्ले, आणि नंतर नुसत्या तक्रारी. आज उपासना संपल्यावर मत होतं: हॉल त्यांच्याकडे राहू द्यायचा की नाही. नाही ठरलं, तर उद्या ट्रक येऊन त्यांना सीमेवरच्या तंबूंत नेणार. म्हातारीची छाती वहिनीच्या शिवणयंत्राहून मोठ्याने वाजत होती. तंबूत ती हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टर सांगून गेला होता.

दिरांनी पाहुण्यांसाठी दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं ते म्हणत. कुणाला, ते सांगत नसत.

वहिनी सगळ्यांच्या आधी आली, आणि एकेकाला खुर्चीवरून उठवून रिकाम्या बाकांवर बसवत गेली. एका बाकावर एकच. पाववाल्याची बायको तिच्याकडे काजं-बटणं करता करता भाषा शिकली होती. आपल्याच मुक्कामाला आपणच मत देणं शोभेल का, असं तिने हळूच विचारलं. भावजी इतकी वर्षं आपलंच मत आपल्यालाच देत आलेत, त्यांना शोभून दिसतंय, असं वहिनी म्हणाली.

उपासना संपली आणि दीर उभे राहिले. ही चर्चची थट्टा आहे, म्हणाले. पाहुण्यांनी पाहुण्यांसारखं राहावं. वहिनीने बसल्या जागेवरून आठवण करून दिली, की गेल्या वर्षी अध्यक्षांचे जावई सुट्टीला आले, मधल्या बाकावर बसले, आणि त्यांचा हात मोजला गेला. जावयांचं तर इथे अंथरूणही नव्हतं. मागे कुणीतरी खोकल्याआड हसलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि कबूल केलं की बसेल त्याचा बाक.

आता एकच बाक रिकामा होता, आणि गणित त्याच्यावर अडलं होतं. वहिनी उठली.

दीर हळू बोलले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "वहिनी, या बाकावरून उठलात तर इथे परत जागा नाही. आणि यंत्र ठेवलंय ती खोली कुणाची आहे, तेही ध्यानात असू द्या."

"असू देते," वहिनी म्हणाली. "उचलायला दोन माणसं तेवढी पाठवा, भावजी. यंत्र जड आहे."

ती चालत गेली आणि रिकाम्या बाकाच्या मधोमध, ऐसपैस बसली.

हॉल राहू द्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा, असं पाळकांनी सांगितलं. वहिनीचा हात वर गेला. मग पाववाल्याचा, त्याच्या बायकोचा, गल्लीवाल्यांचे, मंडळींतल्याही काहींचे. म्हातारीने धाप लागलेली असतानाच हात वर केला आणि दुसऱ्या हाताने त्याला कोपरापाशी आधार दिला.

"कळलं," दीर म्हणाले. "घ्या खाली."

"आधी आकडा," वहिनी म्हणाली. "मोठ्याने."

पाळकांनी मोजलं. खात्री पटेना म्हणून परत मोजलं. मग सांगितलं, हॉल राहिला, एका हाताने.

दिरांनी टोपी उचलली आणि मधल्या वाटेने दाराकडे निघाले. खाली घ्या असं पाळकांनी अजून म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते चालत गेले तेव्हा दोन्ही बाजूंना हात वरच होते.