सेलूची घरगाडी समुद्राला जाते

मी एक जुनी घरगाडी आहे. सेलूत रेल्वे रुळांच्या अलीकडे, सिद्धोधनच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत मी उभी असते. माझ्या पोटात एक पलंग आहे, गॅसची शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि मागच्या कोपऱ्यात छोटंसं संडास आहे. मित्रांनो, मी जन्मले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तेव्हा मी वऱ्हाडाची गाडी होते.

लग्नसराईत मला श्वास घ्यायला सवड नसे. आज बोरी, उद्या सोनपेठ, परवा जिंतूर. माझ्या टपावर रुखवताच्या पेट्या असत, खिडक्यांतून हळदीचे हात बाहेर येत आणि मुलं माझ्या आसनांवर उड्या मारत. बायका म्हणत, "गाडी लय गुणाची हाय." ते ऐकून मी खड्ड्यांतूनही हळूच जायची. पुढे नव्या, गार हवेच्या गाड्या आल्या. मग मला कापसाच्या एका जिनिंगच्या भिंतीला लावून ठेवलं गेलं. सरकीचा धुरळा बसून माझ्या काचा पांढऱ्या झाल्या. एका कोंबडीने माझ्या मागच्या आसनाखाली अंडी घातली. तेवढीच काय ती सोबत.

तिथून मला सिद्धोधनने आणलं.

सिद्धोधन बँकेत कारकून आहे. त्याचे वडील भगवानराव, म्हणजे घरातले दादा, पावसाळ्यात वारले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सिद्धोधन दिवसभर खुर्च्या मांडत आणि पाण्याचे जार उचलत होता. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. पण त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. बँक सुटली की मोटारसायकल काढायची आणि मानवतला जायचं, नाहीतर पाथरीला. तिथे काही काम नसे. एक चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असे.

मग माझं वेड त्याच्या डोक्यात शिरलं. आई सुलाबाईला समुद्र दाखवायचा, असं त्याने जाहीर केलं. तिला गुडघ्यांमुळे फार वेळ बसवत नाही, म्हणून आत पलंग हवा. सूर्यभान मिस्त्रीच्या गॅरेजात माझी आसनं काढली गेली. ठोकाठोक, रंगरंगोटी झाली. नवा निळा रंग चढला तेव्हा मला पुन्हा वऱ्हाड निघाल्यासारखं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी सूर्यभानने माझी चाकं तपासली. "ब्रेकचे लायनर झिजलेत. दोन दिवस ठेवा गाडी, बदलून देतो."

"आल्यावर बदलू," सिद्धोधन म्हणाला. "नाताळ आणि चौथा शनिवार जोडून आलाय. अशी सुट्टी परत कवा मिळायची?"

आणि आम्ही निघालो. पुढे सिद्धोधन, शेजारी त्याची बायको बबिता, मागे पलंगावर सुलाबाई आणि नववीतली नात संघप्रिया. माजलगाव, बीड, नगर. सिद्धोधनला तीन दिवसांत पाच किनारे बघायचे होते. हुरड्याचा वास आला तरी तो थांबला नाही. उसाच्या रसासाठीही थांबला नाही. मागून सुलाबाई म्हणे, "आरं सिद्धू, जरा गाडी थांबव. पाय मोकळे करू दे." तो म्हणे, "थोडं पुढं, माय." ते पुढं काही येत नव्हतं.

पुण्याच्या अलीकडे रस्ता गाड्यांनी भरून गेला. सगळं जग त्या सुट्टीत समुद्राकडे निघालं होतं. टपांवर बॅगा, खिडक्यांत मुलं, आणि जो तो दुसऱ्याच्या पुढे घुसायला बघत होता. सिद्धोधन सारखा ब्रेक दाबी, सोडी, पुन्हा दाबी. माझ्या पुढच्या चाकांतून किरकिर यायला लागली. मला दुसरी भाषा येत नाही, मित्रांनो. मी किरकिरले. त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताम्हिणी घाट उतरायला लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी. उतारावर गाडी लहान गिअरमध्ये ठेवावी, हे सिद्धोधनलाही माहीत होतं. पण मागचे हॉर्न वाजवत होते, आणि दुपारच्या आत पहिला किनारा गाठायचा होता. तो वेगाने उतरत होता आणि प्रत्येक वळणावर ब्रेकवर पाय रोवत होता. माझी चाकं तापली, मग भाजायला लागली.

"अहो, जळका वास यायलाय," बबिता म्हणाली.

"पुढच्या गाडीचा आसंल."

"पुढच्याचा न्हाई. आपल्याच गाडीचा हाय. बाजूला घ्या."

"थांबलो तर ही सगळी रांग आपल्या पुढं जाईल, बबिता."

त्यानंतरच्या वळणाला त्याने पाय दाबला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. मी थांबले नाही. माझ्यात थांबायला काही उरलंच नव्हतं. खाली रस्ता तुंबलेला होता. शेवटच्या गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून दोन लहान मुली आमच्याकडे बघत होत्या.

सिद्धोधनने गिअर खाली ओढला. माझं इंजिन कळवळलं. त्याने हँडब्रेक खेचला आणि सुकाणू डोंगराकडे वळवलं. माझी डावी कूस खडकाला घासत गेली. काच फुटली, दिवा गेला, दार आत दबलं. मग पुढचं चाक कडेच्या मातीच्या नालीत रुतलं आणि मी उभी राहिले. त्या मुली माझ्यापासून दोन हातांवर होत्या.

आत भांडी घरंगळली होती. संघप्रियाने आजीला दोन्ही हातांनी पलंगावर दाबून धरलं होतं. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. माणसं धावत आली, कुणी पाणी दिलं, कुणी चाकांमागे दगड लावले. बबिताने माणगावच्या एका मेकॅनिकला फोन लावला. सिद्धोधन खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसला. भगवानराव गेल्यापासून तो असा नुसता बसलेला कुणी पाहिला नव्हता.

सुलाबाई नातीच्या आधाराने उतरली आणि त्याच्याजवळ जाऊन टेकली.

"कवापासनं पळायलास रं तू?" तिने विचारलं.

"कुठं पळायलो, माय. तुला समुद्र दाखवायला निघालो."

"मी कवा म्हणले समुद्र दाखव म्हणून?"

त्याने पायाजवळचा एक खडा उचलला आणि तसाच खाली टाकला.

"मला तुज्यासंगं बसायचं होतं," सुलाबाई म्हणाली. "दादा गेले तवापासनं तू घडीभर टेकला न्हाईस. माझ्याकडं बघितलं न्हाईस. माझाबी नवरा गेलाय, सिद्धू."

सिद्धोधनने मान खाली घातली. "घरात आलं की दादांचं खोकणं ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "ते ऐकू येत न्हाई म्हणून मी बाहेर पडतो." आणि मग तो रडला. पोराने आईपुढे रडावं तसा, तोंड न झाकता. शेजारून गाड्या सरकत होत्या. सुलाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बबिता थोडी दूर उभी राहून डोळे पुसत होती.

माझी दुरुस्ती होईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. पाच किनाऱ्यांपैकी एकच वाट्याला आला. तिथेही पाय ठेवायला जागा नव्हती. घोडागाड्या, भेळवाले, फुगे, वाळूत रुतून बसलेल्या मोटारी. सिद्धोधनने मला एका टोकाला, सुरूच्या झाडांपाशी उभं केलं आणि आईची खुर्ची ओल्या वाळूत मांडली. लाटा तिच्या पायांवरून येत होत्या, जात होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

"कसा वाटला, आजी?" संघप्रियाने विचारलं.

"लय मोठा हाय," सुलाबाई म्हणाली. "पण एक घडी गप बसंना. तुज्या बापासारखाच."

सिद्धोधन हसला. दिवसभर तो तिच्या खुर्चीशेजारी वाळूत बसून होता. भगवानरावांच्या गोष्टी निघाल्या. कधी हसू आलं, कधी बोलणं अर्ध्यात थांबलं. परतीच्या वाटेवर सुलाबाई म्हणेल तिथे आम्ही थांबलो.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. सिद्धोधन अजूनही एखाद्या संध्याकाळी मोटारसायकल काढतो, पण कुठे जातो ते आईला सांगून जातो, आणि कधीकधी तिला मागे बसवून नेतो. माझ्याकडे मात्र सगळ्यांचं थोडं दुर्लक्षच झालं. खाऱ्या हवेतून आलेली गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी लागते, ते राहून गेलं. माझ्या बुडाला गंज चढला. मागच्या रविवारी संघप्रियाला तो दिसला. ती पॉलिशपेपर घेऊन माझ्याखाली शिरली, आणि थोड्या वेळाने तिचा बापही शिरला. दोघं घासत होते. मला गुदगुल्या होत होत्या.

मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, पंखा असेल, शिलाई मशीन असेल. ते किरकिरलं तर आवाज वाढवू नका, जवळ जा. आणि एक सांगते. आम्ही चालतोय, म्हणजे आम्ही बरे आहोत, असं समजू नका. घाटातल्या त्या वळणापर्यंत मीही चालतच होते. सिद्धोधनही चालतच होता. तुमच्या घरात कुणी असं सारखं धावत असेल, तर त्याला आजच जरा थांबवा आणि त्याच्याजवळ बसा.