वरच्या पलंगाखालचे अस्तर

मित्रांनो, मी एका दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्याला खालून लावलेले जुने कापडी अस्तर आहे. माझा गडद निळा रंग आता विटला आहे. तोंड जन्मभर खालीच राहिले. मान मात्र कधी खाली गेली नाही.

माझा जन्म एका भीतीपोटी झाला. या घरातली धाकटी खालच्या पलंगावर निजे, तिचा दादा वरच्या. डोळे उघडले की तिला वरच्या गादीखालच्या लाकडी पट्ट्या दिसत आणि त्या दातांसारख्या वाटत. मोठ्यांनी प्रथम तिची यथेच्छ थट्टा केली. थट्टेने भीती जात नाही, हा शोध लागल्यावर त्यांनी शिवणकाम करणाऱ्या आत्याला बोलावले.

आत्याने माप घेतले, काठ दुमडून दुहेरी शिवण घातली. बाबा हातोडी घेऊन उभेच होते.

"खिळे ठोकून टाकू. कायमचं काम!"

"आणि धुवायचं कसं? पलंगासकट?" आत्या म्हणाली. "तू फक्त कड धर. अक्कल मी लावते."

तिने माझ्या कडांना वेल्क्रोची पट्टी शिवली आणि तिची जोडपट्टी पलंगाच्या चौकटीला पक्की बसवली. त्यामुळे दाबले की मी घट्ट बसते, ओढले की चर्रकन सुटते. त्या संध्याकाळी धाकटी माझ्याखाली हातपाय ताणून पडली आणि ओरडली, "आत्या, गेले दात!" एवढी निखळ शाबासकी मखमली पडद्यांच्याही वाट्याला क्वचितच येते.

पुढे पाहुणे माझे कौतुक करीत आणि आई भाव खात असे. धुता यावे म्हणून एवढा वाद घालून मला असे शिवले होते. धुवायचे तेवढे राहून गेले. माझ्यावर धूळ साचली. माझ्यामागे काय आहे, हे कोणी पाहिले नाही.

एके दिवशी माझ्यामागची मधली एक लाकडी पट्टी तडकली. दादा वर बसला की ती वाकून माझ्यात रुते आणि मला फुगवटा येई.

"बाबा, वरून काहीतरी खाली येतंय," धाकटी म्हणाली.

बाबांनी पाहिले तेव्हा दादा शाळेत होता, फुगवटा नव्हता. "कापड सैल झालंय," असे म्हणून त्यांनी माझी कड ताणून पुन्हा दाबली. धाकटीने पुन्हा सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "आधी पट्ट्या दिसतात म्हणून रडायची, आता दिसत नाहीत म्हणून रडते!" सगळे हसले.

त्या हसण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एकदा घाबरलेल्याचे पुढचे प्रत्येक म्हणणे भीतीच्याच खाती टाकायचे, ही शहाण्यांची सोय आहे. तिला शहाणपण म्हणणे हा शहाणपणाचा अपमान होय.

एका संध्याकाळी दादा वर वाचत बसला असताना करकर ऐकू आली. मला ओढायचे म्हणजे त्या दातांकडेच पाहायचे, हे धाकटीला ठाऊक होते. तिने एक डोळा मिटला आणि मला ओढले. चर्रकन मी सुटले. धूळ तिच्या तोंडावर पडली. तिने तोंड फिरवले नाही.

"दादा, उडी मारू नकोस. हळूच शिडीने उतर."

तिचा आवाज ऐकून तो मुकाट्याने उतरला. बाबा धावत आले. पट्टीवरून हात फिरवताच तिचा तुकडा त्यांच्या हातात आला.

"अगं, आधी सांगायचंस ना!"

धाकटीने बाहीने तोंडावरची धूळ पुसली. बाबा खाली बसले. "सांगितलं होतंस," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातले अभ्रे, पडदे, आच्छादने वेळच्या वेळी धुवा. पण काढलीच आहेत तर त्यांच्यामागेही पाहा. चांगले झाकणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. मी खरे काय ते पाहण्यासाठी उघडता येणारे आहे, हा माझा अभिमान आहे.

नवी पट्टी बसली. मी धुऊन, वाळून परतले. बाबा मला दोन्ही हातांनी वर धरून उभे राहिले.

"लावू?"

"थांब बाबा." धाकटीने एकेक पट्टी ठोठावून पाहिली. बाबांचे हात भरून आले होते. तरी ते थांबले.

"हं. लाव आता."