आठ खुंट्या आणि तांबडा दोरा

मी एक जुनी सागाची फळी आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर एका ओळीत आठ खुंट्या आहेत. नवखा माणूस मला पाहतो आणि टोपी अडकवायला हात पुढे करतो. मला त्याचा राग येत नाही. त्याला ठाऊक नसते की माझ्या खुंट्या वाचायच्या असतात.

माझे लाकूड खानवेलच्या रानातले. रघुनाथ सुताराने मला १९८४ साली रंधले, घासले आणि आठ भोके पाडून आठ खुंट्या ठोकल्या. त्या वेळी सिल्वासात नवे नवे कारखाने उभे राहत होते. आमचा कारखाना सुताचा. एका कामगाराच्या हाती आठ चात्या, म्हणजे सूत पिळणारे फिरते दांडे, असत. पाळी बदलली की नव्या माणसाला कळायला हवे, कोणती चाती चालू आहे आणि कोणती बंद. साहेबांनी आधी कागद लावून पाहिला. पण कागद वाचणार कोण? कोणी धुळ्याकडून आलेले, कोणी आसपासच्या पाड्यांवरचे. बहुतेकांना अक्षर येत नव्हते. म्हणून मी आले. चाती चालू असली की तिच्या खुंटीवर सूत गुंडाळायची एक रिकामी बॉबिन चढवायची. चाती बंद पडली की बॉबिन काढून घ्यायची. भरलेली खुंटी म्हणजे चालू, मोकळी खुंटी म्हणजे बंद. एवढीच माझी भाषा.

ही भाषा सर्वांत चांगली कोणाला येत होती, ते सांगते. शहाद्याकडून आलेली पुतळाबाई. ती मशीनघराच्या दारात पाऊल टाकतानाच लांबून म्हणायची, "तिसरी आन् सातवी बंद!" आणि तसेच असायचे. एकदा पाहिलेली फळी ती पाळी संपेपर्यंत विसरत नसे. पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्यापाशी आणत आणि कौतुकाने मला दाखवत. मी फुलून जायची. पण खरे सांगते, ते कौतुक निम्मे पुतळाबाईचे होते.

पुढे शाळेच्या ओसरीवर मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. अलकाबाई नावाच्या शिक्षिका शिकवायच्या. पुतळाबाई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. पाटी हातात धरायला तिला लाज वाटे. पण ती गेली, आणि वर्षभर जात राहिली. एक दिवस तिने मला खिळ्यावरून उतरवले, उलटे केले आणि माझ्या पाठीवर खडूने आपले नाव लिहिले. 'पुतळा' लिहिता लिहिता जागा संपली, म्हणून 'बाई' खालच्या ओळीत आली. माझ्या अंगावर उमटलेली ती पहिली अक्षरे. त्या दिवशी तिच्याइतकीच मीही शहाणी झाले असे मला वाटले.

मग १९९४ मध्ये नवी मशिने आली. प्रत्येक चातीवर दिवा होता. चाती बंद पडली की तांबडा दिवा लागे. माझी गरज संपली. मला स्टोअरमध्ये पोत्यांखाली टाकले. तीन वर्षे मी तिथे पडून होते. एका खुंटीला चीर गेली. कुणीतरी माझ्यावर ग्रीसचा डबा ठेवला, त्याचा काळा गोल डाग आजही माझ्या अंगावर आहे. लाकडाला रडता येत नाही, मित्रांनो. ते नुसते सुकत जाते.

पण माझे नशीब चांगले. पुतळाबाईला लॉट नंबर वाचता येतात आणि सही करता येते, म्हणून तिची बदली स्टोअरच्या खिडकीवर झाली. प्रयोगशाळेने सुताचा लॉट पास केला की चिठ्ठीवरचा नंबर बघून माल सोडायचा आणि वहीत सही करायची, हे तिचे काम. आयुष्यात पहिल्यांदा तिला बसायला खुर्ची मिळाली. आठ दिवसांत तिने पोती हलवून मला बाहेर काढले, पाठीवरचे पुसट नाव पाहिले आणि ती एकटीच हसली. तिने मला फडक्याने पुसले, शेंगदाण्याचे तेल लावले, चीर पडलेल्या खुंटीला सूत गुंडाळले आणि खिडकीच्या मागच्या भिंतीवर टांगले. तिथे माझे काहीच काम नव्हते. तरी तिने टांगले.

१९९८ साली कारखान्यात कॉम्प्युटर आले. ते तारांनी एकमेकांना जोडायचे होते, म्हणजे प्रयोगशाळेत 'पास' लिहिले की ते लगेच स्टोअरच्या पडद्यावर दिसेल. हे काम करायला श्रीकांत आला. कुडाळकडचा, पंचविशीतला, हुशार आणि जरा घाईचा. आधी प्रयोगशाळा आणि स्टोअर जोडायचे, पुढच्या महिन्यात ऑफिस आणि जवळच्या दादरा गावातला आमचा दुसरा कारखाना, असे ठरले.

स्टोअरमध्ये दोन कॉम्प्युटर बसले. एक आतल्या केबिनमध्ये, स्टोअरकीपर वाल्मिकचा. दुसरा खिडकीवर, पुतळाबाईचा. वाल्मिकचा पहिल्याच दिवशी बोलू लागला. पुतळाबाईच्या पडद्यावर मात्र प्रयोगशाळेचा एकही लॉट येईना. श्रीकांतने तार बदलली, आतले कार्डही बदलले. काही नाही. जुन्या चिठ्ठ्या बंद झालेल्या, त्यामुळे माल अडून राहिला. टेम्पोवाले खिडकीशी येऊन गुजरातीत विचारत, "बेन, केटली वार?" किती वेळ, ते तिला तरी कुठे माहीत होते!

वाल्मिकला चेष्टेची सवय. तो केबिनमधून ओरडायचा, "पुतळाबाई, तुम्ही हात लावला का मशीन रुसतं बघा! माझं कसं पळतंय?"

"मी नुसती बसते, भाऊ," ती म्हणायची. "बसल्यानं बिघडतंय का ते?"

हसण्यावारी चाललेली गोष्ट हळूहळू खरी मानली जाऊ लागली. तार चांगली, कार्ड चांगले, केबिनमधला कॉम्प्युटर चांगला. मग वाईट काय? गुरुवारी मॅनेजरसाहेब स्वतः खिडकीवर आले.

"बाई, तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण शनिवारपर्यंत हे चाललं नाही, तर सोमवारपासून इथे शिकलेला माणूस बसेल. तुम्ही वेस्ट खात्यात जा."

वेस्ट खात्यात उरलेले सूत कापून बॉबिनी मोकळ्या करायच्या असतात. तिथे वाचायला काही नसते आणि सहीही करावी लागत नाही. पुतळाबाई "बरं साहेब" म्हणाली. साहेब गेल्यावर तिने सह्यांची वही जवळ ओढली आणि कितीतरी वेळ तिच्यावर हात ठेवून बसली. मी मागच्या भिंतीवरून पाहत होते. मला वाटले, हिने मला पोत्यांखालून काढले आणि आता हिच्यावरच पोती पडणार. मी काहीही करू शकत नव्हते.

शुक्रवारी दुपारी श्रीकांत एका खोक्यावर कागद घेऊन बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. पुतळाबाईने त्याला चहा दिला आणि विचारले, "साहेब, एक इचारू का? हे मशीन मोजतं कसं?"

"तुम्हाला काय सांगू आता, बाई..."

"सांगा तर. नाही कळलं तर सोडून देईन."

श्रीकांत दमलेला होता, म्हणूनच बहुधा त्याने सांगितले. "प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता असतो. ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे. आपल्या कारखान्यात पहिले तीन सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. तुमचा एकसष्ट, वाल्मिकभाऊंचा पंच्याहत्तर, लॅबचा दहा. पण मशीनला आपले आकडे कळत नाहीत. त्याला दोनच गोष्टी कळतात. आहे आणि नाही. अशा आठ जागा असतात, आणि..."

"आठ?" पुतळाबाई म्हणाली. "चालू आन् बंद?"

"हो, तसंच म्हणा."

तिने वळून माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, चार वर्षांनी माझ्याकडे कोणीतरी कामासाठी पाहत होते! तिने मला उतरवले, त्याच्यासमोर टेबलावर ठेवले आणि बाजूला बॉबिनींची टोपली ओढली. "मंग फळीवर लावा की."

श्रीकांत आधी हसला. मग त्याने माझ्या खुंट्यांवरून बोट फिरवले. "उजवीकडची शेवटची खुंटी म्हणजे एक. तिच्या अलीकडची दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि ही डावीकडची पहिली एकशे अठ्ठावीस. दर खुंटीला दुप्पट. भरलेल्या खुंट्यांची बेरीज म्हणजे आकडा."

"आन् सगळ्या भरल्या तर?"

"दोनशे पंचावन्न. त्याच्या वर जागाच नाही."

"सगळ्यांचं एकच घर?"

"नाही. चार घरं करायची आहेत. लॅब, स्टोअर, ऑफिस आणि दादरा. तसं पत्रच आलंय मुंबईहून. मशीनला मास्क नावाचा एक आकडा सांगायचा, एकशे ब्याण्णव, एकशे अठ्ठावीस आणि चौसष्ट मिळून. म्हणजे डावीकडच्या दोन खुंट्या घराच्या, उरलेल्या सहा त्या घरातल्या माणसाच्या."

पुतळाबाईने टोपलीतून तांबड्या सुताचा तुकडा घेतला आणि माझ्या दुसऱ्या व तिसऱ्या खुंटीच्या मधून गुंडाळून गाठ मारली. "हा उंबरा. आता भाऊंचा आकडा लावा."

श्रीकांत पुटपुटत लावू लागला. "पंच्याहत्तर. त्यातून चौसष्ट गेले, उरले अकरा. आठ गेले, उरले तीन. दोन आणि एक." दुसरी, पाचवी, सातवी आणि आठवी खुंटी भरली. पुतळाबाईने एकदाच पाहिले.

"काढा. माझा लावा."

"एकसष्ट. चौसष्ट जात नाहीत. बत्तीस गेले, उरले एकोणतीस. सोळा, आठ, चार आणि एक." पाच बॉबिनी चढल्या, पण सगळ्या दोऱ्याच्या उजवीकडे.

पुतळाबाई लगेच म्हणाली, "साहेब, आम्ही दोघं एका घरचे नाही."

"काय?"

"भाऊंची दुसरी खुंटी भरलेली व्हती. माझी मोकळी हाय. उंबऱ्याच्या अलीकडं माझं काहीच नाही. लॅबचं लावा बघू."

त्याने दहा लावले, आठ आणि दोन. डावीकडच्या दोन्ही खुंट्या मोकळ्या.

"हे बघा," ती म्हणाली. "मी लॅबच्या घरात हाय, आन् खुर्ची हिकडं!"

श्रीकांत उठून उभा राहिला. त्याने खिशातला कागद काढला आणि माझ्याशेजारी ठेवला. त्यावर त्याच्याच अक्षरात वाटणी होती. लॅब एक ते साठ, स्टोअर एकसष्ट ते एकशे वीस, पुढे ऑफिस, पुढे दादरा. साठ-साठची सुरेख वाटणी! माणसाला गोल आकडा आवडतो, आणि चार वेळा साठ दोनशे पंचावन्नच्या आत बसत होते. पण सहा खुंट्यांवर चौसष्ट तऱ्हा होतात. शून्य ते त्रेसष्ट हे पहिले घर, आणि स्टोअरचे घर चौसष्टला सुरू होते. एकसष्टवाल्या कॉम्प्युटरला वाटत होते की प्रयोगशाळा आपल्याच खोलीत आहे. म्हणून तो दाराबाहेर न जाता खोलीतच हाका मारत होता. ओ देणार कोण?

"ऑफिस आणि दादऱ्यातही हेच झालं असतं," श्रीकांत हळू आवाजात म्हणाला. "मावशी, मी चार दिवस तारा बदलत बसलो हो!"

त्याने तिला मावशी म्हटले, ते तिच्या लक्षात आले की नाही कोण जाणे. माझ्या आले.

पासष्टचा आकडा त्याने आधीच स्टोअरच्या दाराला, म्हणजे घराघरांना जोडणाऱ्या पेटीला दिला होता. म्हणून पुतळाबाईला सहासष्ट मिळाला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तो जागा व्हायला बराच वेळ घ्यायचा. तोवर खिडकीशी दोन टेम्पोवाले आणि वाल्मिक येऊन उभे राहिले. पुतळाबाईने पदर घट्ट खोचला होता आणि तिचे डोळे पडद्यावर होते. मग एक ओळ आली. इंग्रजी आकडे आणि 'पास' हा शब्द तिने चिठ्ठ्यांवरून पाठ केला होता. तिने एकेका आकड्याखाली बोट ठेवून मोठ्याने वाचले, "चार... एक... सात. पास!"

"म्हणजे मशीन रुसलं नव्हतं?" वाल्मिक म्हणाला.

"नाही भाऊ. शेजारच्या घरी जेवायला बसलं व्हतं."

टेम्पोवाले हसले. वाल्मिकही हसला आणि गुपचूप केबिनमध्ये गेला.

आता यापुढचे ऐका. श्रीकांतला गप्प बसता आले असते. आकडा बदलला, काम झाले, कोणाला काय कळणार होते? पण शनिवारी मॅनेजरसाहेब आले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बाईंच्या हातून काही बिघडलं नव्हतं. वाटणी मी चुकवली होती. चूक बाईंनी काढली, या फळीवर." साहेबांनी मला पाहिले, मग पुतळाबाईला. "बाई, सोमवारी वेळेवर या, इथेच," एवढेच ते म्हणाले. तिला तेवढे पुरले.

सोमवारी श्रीकांतने तांबड्या रंगाची डबी आणि बारीक कुंचला आणला. "मावशी, आकडे तुम्हीच लिहा." तिने जीभ दातांत धरून माझ्या प्रत्येक खुंटीखाली एकेक आकडा रंगवला. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आठ जरा वाकडा आला आहे. तो मला सर्वांत प्रिय आहे. पुढच्या महिन्यात ऑफिस आणि दादरा जोडले, तेव्हा प्रत्येक आकडा आधी माझ्यावर लावून पाहिला गेला. एकही घर चुकले नाही.

मी कुणाकुणाचे उपकार मानू? रघुनाथने मला घडवले. अलकाबाईंनी अक्षर दिले, ते माझ्या पाठीपर्यंत पोचले. श्रीकांतने आपली चूक माझ्यासमोर ठेवली. आणि पुतळाबाईने तर माझे काही काम नसताना मला तेल लावले.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, कारखान्यात कोपऱ्यात एखादी जुनी वस्तू पडली असेल. ती टाकण्याआधी एकदा पुसून पाहा. ती कशासाठी होती, हे ज्याने वापरली त्या माणसाला विचारा. आणि त्या माणसालाही कोपऱ्यात बसू देऊ नका.

आज माझ्या दोनच खुंट्यांवर बॉबिनी आहेत, दुसरीवर आणि सातवीवर. चौसष्ट आणि दोन. पुतळाबाई सकाळी येते, खुर्चीवर बसण्याआधी त्या दोन्ही बॉबिनींना हात लावते आणि मग वही उघडून सही करते. आता तिची सही एका ओळीत मावते.