वंगणानं काळी केलेली गिटार

बसा मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. माहा आवाज बारीक झाला आता, म्हणून जवळ बसा म्हणते.

मी एक जुनी गिटार आहो. जाड्या आवाजाची. वडनेर भोलजीच्या किसनरावच्या घरात खुंटीले टांगलेली. दुकानातली नाही मी. मोडक्या पलंगाच्या सागवानी फळीतून उकंडराव सुतारानं मले कापली, सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणल्या, भोंग्याले जोडाले वायर लावली, अन् बैलगाडीच्या चाकाचं वंगण फासून काळीकुट्ट केली.

हे सारं निवृत्तीपायी. निवृत्ती म्हणजे किसनरावचा पोरगा. खामगावच्या कॉलेजात त्यानं एक विलायती टेप ऐकली. गॉथ रॉक म्हणत त्याले. काळे कपडे, डोळ्यात काजळ अन् विहिरीतून आल्यासारखं उदास गाणं. पोरगं त्यातच अडकलं. इंद्रभान ढोलावर, शेषराव गायाले अन् निवृत्ती मले घेऊन, असा बँड उभा राहिला. नाव ठेवलं 'अवस', म्हणजे अमावस्या. काजळ निवृत्तीच्या मायच्या, गोजरबाईच्या डबीतलं.

"लहानपणी लावाले गेली तं भोकाड पसरे," गोजरबाई हासे, "अन् आता सोताहून मांगते."

बाकीच्या बायका ओट्यावरून विचारत, "काऊन रे निवृत्ती, कोनाची नजर लागली?"

लग्नात कोणी बोलवेना. काळ्या कपड्याची पोरं मांडवात कोण घेते? गणपतीत मंडपवाल्याच्या भोंग्यावर वाजवलं, तं पहिल्याच गाण्यात लोकं उठून गेले. निवृत्तीले टाळ्या नोको होत्या. गावानं एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्याचं मागणं.

पुढं इंद्रभान वावरात गुंतला, शेषराव नोकरीले पुण्याले गेला. उरलो आम्ही दोघं. गोजरबाई मात्र चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐके. किसनराव दारातूनच म्हणे, "ठेव ते बाजूले. भरल्या घरात असं रडगाणं वाजवू नये."

मंग गोजरबाई गेली. तापाचं निमित्त झालं.

दहाव्याले नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येऊन शिवेना. गोजरबाईचा जीव कशात तरी अडकला म्हणून सोयऱ्याईचा नुसता गलका. "वहिनी, निवृत्तीचं लगन आम्ही लावून देऊ." "काकी, घराची काळजी करू नोको." जो तो ओरडून कबूल करे. ऊन चढत गेलं. किसनरावचा चेहरा पार उतरला. मंग तो निवृत्तीकडं न पाहताच बोलला, "जाय, ते तुहं आन. तिले ऐकाची सवय होती."

निवृत्तीनं मले आणलं. नदीवर कुठची लाईट अन् कुठचा भोंगा? माहा आवाज मधमाशीएवढा.

"काय वाजवून राह्यला बे, ऐकू तं येऊ दे," कोणीतरी बोललं.

"तुम्ही गप राहा, म्हणजे येईन," किसनराव म्हणाला.

सारे गप झाले. वाकून, कान देऊन ऐकत राहिले. निवृत्तीनं पुरं गाणं वाजवलं. ते सरता सरता एक कावळा उतरला अन् पिंडाले शिवला.

लोकं म्हणतात, गाण्यानं आला. मले वाटते, गलका थांबला म्हणून आला. निवृत्तीनं तिकडं पाहिलंच नाही. गावानं त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं होतं, अन् जिनं रोज ऐकलं तीच नव्हती.

पुढं तो मुंबईले गेला. तिथं त्याले दुकानातली गिटार भेटली, मोठ्या बँडात वाजवते म्हणतात. मले नेणार होता. पण किसनराव म्हणे, "ते राहू दे इथं." दर अवसेले म्हातारा मले उतरवे, धोतराच्या सोग्यानं पुसे, आंगठ्यानं जाडी तार एकदा ओढे, अन् आवाज विरेपर्यंत चुलीकडं पाहत बसे. वाजवता काही येत नव्हतं त्याले.

आता तोही नाही. चूल थंडी आहे, तारा गंजल्या, माह्या आंगावर कोळ्यानं घर केलं. दार उघडते ते दिवाळीपुरतं. तुम्ही आज आले, तं बरं वाटलं.

मित्रांनो, धूळ पुसली नाही तरी चालते. पण जायच्या आधी माही जाडी तार एकदा छेडा, अन् तिचा आवाज पुरता सरेपर्यंत कोणी बोलू नका.