अकरा कुंड्या

टेकडीवरच्या त्या झुडपाला कुणी नाव ठेवलं नाही. नावं मात्र सगळ्यांनी ठेवली. ना रंग ना रूप, म्हणे. अहो, दहा महिने ते निष्पर्ण काडीसारखं उभं असतं हे खरं, पण एकदा फुललं की गल्लीभर वास जातो, मधमाश्यांची झुंबड उडते. पाणी घाला न घाला, तक्रार नाही. असा जावई मिळाला तर लोक डोक्यावर घेऊन नाचतील!

टेकडी फोडून तिथे इमारती झाल्या. त्याआधी सासऱ्यांनी वेचून ठेवलेल्या बियांतून माझ्या रोपवाटिकेत अकरा रोपं जगली. आता कुठे उरली असतील तर ती एवढीच. आणि जागामालकाला रोपवाटिका शनिवारी रिकामी करून हवी होती. मी राहायला जाणार होते नणंदेकडे, अंधाऱ्या खोलीत.

बागा लावून देणाऱ्या कंत्राटदाराला गाठलं. "ताई, लोकांना बाग हवी असते, रान नको," तो म्हणाला. शाळेने नाही म्हटलं. दवाखान्याने फाटकातूनच वाटेला लावलं. मी रडकुंडीला आले.

"वहिनी, फाटक्या पिशव्यांतली रोपं कोण बघणार? जरा नटवा की!" नणंद म्हणाली. पटलं. ठेवणीतल्या नक्षीदार कुंड्या काढल्या.

शनिवारी कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या निवृत्त शिक्षिका आल्या. "अय्या, किती सुरेख! सगळ्या नेते," म्हणाल्या. कुंड्यांवरून हात फिरवत होत्या, ते मला दिसत होतं. पण रोपांबद्दल बोलले आणि त्यांनी नको म्हटलं तर? मी तोंडाला कुलूप लावून नुसती हसत राहिले.

दहा दिवसांनी न राहवून गेले. कठड्यावर अकरा कुंड्या ओळीने, प्रत्येकीत विकतची लालभडक फुलं.

"बाई, माझी रोपं?"

"त्या काड्या होय? मला वाटलं, वाळलंय काहीतरी. माळ्याने त्याच दिवशी कचऱ्यात टाकल्या. कुंड्या मात्र झकास हं! आणखी आहेत का?"

कचरा टाकतात त्या मैदानावर संध्याकाळपर्यंत हातांनी उकरत बसले. शेवटी नऊ काड्या सापडल्या. एकेक मोडून पाहिली. आतून एकही हिरवी नव्हती.