अहल्याबाईंचं सोवळं

ज्या वर्षी मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, त्याच वर्षी अहल्याबाईंच्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापावा लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी शौचाची वाट पोटावर डावीकडे काढून दिली आणि तिच्यावर कापूस, पट्टा बांधायला शिकवलं. त्या उज्जैनला घरी परतल्या, तर दुसऱ्याच दिवशी चंपाषष्ठी. आंघोळ करून, सोवळं नेसून त्या खंडोबाच्या नैवेद्याचं वांगं भाजायला चुलीशी बसल्या. बत्तीस वर्षं हे भरीत त्यांच्याच हातचं होतं.

पूजेसाठी सोवळं नेसून आलेले धाकटे दीर भय्यासाहेब दारातच थबकले.

"वहिनी, रहने दो, उठा तिथून. पोटावर ते असताना कसलं सोवळं?"

अहल्याबाईंनी वांगं उलटलं.

"भाऊजी, देवापुढे बसताना तुम्ही पोट खुंटीला टांगून येता का?"

"म्हणजे?"

"माझ्या पट्ट्याखाली आहे, तेच तुमच्या सोवळ्याखाली आहे. माझी नुसती वाट बदलली."

भय्यासाहेबांचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला.

"तिथे हात लावलात ना? आता धुऊन या," अहल्याबाई म्हणाल्या, "आणि मग मला मीठ द्या."